हेड उघडायचं का?

पिंपरी-चिंचवडमध्ये रस्त्याच्या कडेला गाडीचं बॉनेट उचलून उभं राहावं आणि गंमत पाहावी. माणसं कुठेही जमतात. पुण्यात जमतात ती गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल चार शब्द सुनवायला. इथे जमलेला माणूस आधी मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि एका शब्दात निकाल देतो, "नोझल." त्याच्या मागचा म्हणतो, "नोझल काय नोझल! टायमिंग." तिसरा दूध घेऊन घरी निघालेला असतो. तो पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवून म्हणतो, "बंद करा. आता परत सेल्फ मारा बरं." हा तिसरा माणूस टूलरूममधून निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या घरचं दूध त्या दिवशी नासतं.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तेव्हा हे औषधांचं गाव होणार असं कुणाला वाटलं असेल तर त्यात त्याचा दोष नाही. पण साठच्या दशकात टेल्को आली, बजाज आली, टेम्पो आली, आणि गावात नाडी पाहणाऱ्यांपेक्षा टॅपेट ऐकणारे वाढले. पुढे चाकणला तर जर्मनांपासून सगळेच आले. टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण ही बातमी निगडीपर्यंत अजून पोचायची आहे.

अशा गावात आमच्या दाजींनी जुनी चारशे सात नव्यानं उभी करायला काढली.

गाडी दाजींच्या वडिलांची, म्हणजे आबांची. नव्वद सालच्या सुमारास घेतलेली. तिनं जन्मभर भोसरीच्या शेडमधून मशिनिंग झालेले जॉब पिंपरीला पोचवले. म्हणजे दुसऱ्या ट्रकांची हाडं वाहिली. आषाढात मात्र धंदा बंद. माउलींच्या पालखीत गावची दिंडी चालते, तिचं सामान ह्याच गाडीत: राहुट्या, चुली, पिठाचे डबे, तांदळाची पोती आणि चालता चालता पाय सुजलेले एक-दोन वारकरी. २००५ मध्ये छोटा हत्ती आला, छोटी भाडी त्यानं पळवली. मग ग्रीन टॅक्स, मग दरवर्षीचं फिटनेस. शेवटी गाडी मोशीच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांनी केबिनमध्ये अंडी घातली आणि दाजींनी ती खाल्ली, एवढंच तिचं अलीकडचं उत्पन्न.

चारशे सातबद्दल इथला माणूस थोडा हळवा आहे, आणि त्याला कारण आहे. ऐंशीच्या दशकात टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी असे चार जपानी चार भारतीय भागीदारांचा हात धरून हलके ट्रक घेऊन आले. टेल्कोनं १९८६ मध्ये आपली चारशे सात रस्त्यावर आणली, आणि जपान्यांना ती भारी पडली. तिच्या इंजिनाला ४९७ म्हणतात: चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. मोठ्या ट्रकचं ६९७: सहा सिलिंडर, बोअर तोच. हा ९७ चा आकडा जर्मनीचा. मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचा बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८, आणि आपल्या ६९७ चाही नेमका तेवढाच. डायमलर-बेंझशी १९५४ मध्ये झालेला करार १९६९ मध्ये संपला, रेडिएटरच्या जाळीवरचा तारा उतरला, पण सिलिंडरच्या आत कुणी वाकून बघत नसल्यामुळे ते माप तसंच राहिलं.

पत्र्याच्या कामावर वाद झाला नाही. डेंटरनं केबिन ठोकली, पेंटरनं मागच्या फळीवर मोर काढला, मोराखाली आबांचं नाव आलं. फाळके बदलले, सीट शिवून घेतली. सगळं गुण्यागोविंदानं. मग कुणीतरी विचारलं, "इंजिनाचं काय?" आणि शेडमधली शांतता संपली.

पहिला प्रश्न, गाडी चालली किती? मीटर म्हणत होतं, बासष्ट हजार. पण मीटर पाच आकडी. लाख झाला की पुन्हा शून्यापासून. किती वेळा शून्य झालं? दाजी म्हणाले, दोनदा. जुना ड्रायव्हर फोनवर म्हणाला, चारदा तरी. आमची ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याची केबल आमच्या लग्नाच्या वर्षीच तुटली होती." म्हणजे बासष्ट हजार हा गाडीचा प्रवास नसून केबलचा मृत्युदिनांक निघाला.

त्यावर दाजींचं ठरलेलं उत्तर होतं. "चालली असेल कितीही. इंजिन सीलपॅक आहे. आबांनी कधी उघडू दिलं नाही." जुन्या गाड्यांच्या बाजारात ह्या शब्दाला केवढं वजन आहे, ते गाडी घ्यायला फिरलेल्या माणसाला विचारा. टायर नवीन, पेपर क्लिअर, डॉक्टरची गाडी, इंजिन सीलपॅक. आता इंजिन कधी उघडलेलं नाही ह्याचे अर्थ दोन होतात. एक, उघडायची वेळ आली नाही. दोन, वेळ आली तेव्हा मालकाकडे पैसे नव्हते. पण गिऱ्हाईक पहिलाच अर्थ घेतं, कारण तेही गाडी विकताना हेच सांगणार असतं.

दुसरा प्रश्न धुराचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: नोझल बघा, एअर फिल्टर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय: रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्ह गाइड. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा आत पाणी शिरतंय. इतकं सरळ शास्त्र. पण आमच्या गाडीनं एकाही पक्षाला नाराज केलं नाही. सकाळी पहिला सेल्फ मारला की पांढरा, गरम झाली की निळा, आणि मोशीच्या चढावर लोड घेतला की काळा. शेडमागच्या दोरीवर ताईचे कपडे वाळत असत. धुरावर सगळ्यात विश्वासार्ह अहवाल तिचाच. "काल पांढऱ्या चादरीवर राखाडी ठिपके होते, आज तेलकट आहेत," असं ती सांगे, आणि मिस्त्री गंभीरपणे मान डोलावीत.

मिस्त्री लातूरकडचे. वीसेक वर्षांपूर्वी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत हेल्पर म्हणून आले, आता उस्ताद आहेत. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. धडधाकट इंजिनावर झाकण जागेवर थरथरतं. आमचं नाचायला लागलं आणि नाचत नाचत खाली पडलं. तोंडातून भक्‌भक् धूर यायला लागला. "बॅक मारतंय मालक," मिस्त्री म्हणाले. "इंजिन कामाला आलंय. हेड उघडून बघू."

"बघू" म्हणजे काय, हे दाजींना तेव्हा कळलं नव्हतं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाब लागतो. पिस्टन वर येताना हवा इतकी दाबतो की ती स्वतःच तापते, आणि डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. रिंगा आणि सिलिंडर झिजले की दाब खाली चेंबरमध्ये निसटतो, आणि मग पहाटे सेल्फ मारणाऱ्याच्या तोंडून देवाचं नाव निघतं. इंजिनातला दाब कमी झाला होता हे खरं. पण दाजींवरचा वाढत चालला होता, कारण एव्हाना बातमी फुटली होती आणि सल्लागार शेडवर यायला लागले होते.

पंपवाला आला. त्याच्या मते इंजिनाला हातच लावायचा नाही. पंप कॅलिब्रेट करा, चारही नोझल बेंचवर लावून फवारा बघा, पन्नास टक्के आजार तिथेच. मशीनशॉपचे शेठ म्हणाले, "पंप काय करतोय? स्लीव्ह टाका, बोअर मारा, क्रँक ग्राइंड करा, आणि पुढची दहा वर्षं विसरा." स्पेअरपार्टवाला म्हणाला, रिंग-पिस्टनचा सेट सध्या स्वस्त आहे, नंतरचं सांगता येत नाही. भंगारवाला म्हणाला, उघडता कशाला, अपघातातल्या गाडीचं चालू इंजिन आणून बसवा. पूर्वी असं इंजिन चिखलीच्या कुदळवाडीत अर्ध्या दिवसात मिळालं असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली भंगाराची गोदामं आणि शेड जमीनदोस्त केली, तेव्हापासून तो बाजार पांगला आहे. शिवाय इंजिन बदललं की नंबर बदलतो, नंबर बदलला की आरसी बुकात नोंद, आणि नोंद म्हटलं की दाजींना आरटीओची पायरी आठवते. त्यापेक्षा त्यांनी पायीच पंढरपूर गाठलं असतं.

ज्याच्या दुकानात जे मिळतं तोच इंजिनाचा आजार, एवढं दाजींना दोन दिवसांत कळलं. मग ते निःस्वार्थी माणसाकडे गेले, आणि तिथे खरे अडकले.

प्राधिकरणातले काका टेल्कोतून निवृत्त. त्यांना पैसे नको होते, त्यांना मोजमाप हवं होतं. "धूर बघून इंजिन उघडतात का कुणी? कॉम्प्रेशन घेतलं?" त्यांनी गेज आणला. एकेका सिलिंडरचं नोझल काढून तिथे गेज लावला, सेल्फ मारायला लावला आणि आकडे वहीत लिहिले. तीन सिलिंडर बऱ्यापैकी जवळ जवळ, चौथा खूप खाली. मग चौथ्यात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. दाब वर चढला. ऑइलनं रिंगेची फट तात्पुरती बुजते. म्हणून दाब चढला तर दोष रिंगेचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. "रिंग," काकांनी वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मिस्त्री म्हणाले, "हे मी झाकण बघूनच सांगितलं होतं." काका म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं. मी सिद्ध केलं." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं दाजींमार्फत व्हायला लागलं.

पण काकासुद्धा एका गोष्टीपाशी थांबले. सिलिंडर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या टोकाशी, जिथून पिस्टनची पहिली रिंग मागे फिरते. तिच्या वर न झिजलेला काठ राहतो. त्याच्यावर नख अडकलं तर सिलिंडर गेला समजा. मग नुसत्या नव्या रिंगा टाकून भागत नाही, त्या काठावर आपटून तुटतात. नख फिरवलं की सगळं कळतं. फक्त नख फिरवायला हेड काढावं लागतं. हेड काढलं की गॅस्केट नवं. गॅस्केट नवं तर हेडला फेसिंग. हेड मशीनवर गेलंच आहे तर व्हॉल्व्ह सीट कापून घ्या. सीट कापल्या तर वरचा दाब सुधारतो आणि झिजलेल्या रिंगा आणखी उघड्या पडतात. रिंगा काढायच्या तर पिस्टन काढा, पिस्टन काढायचा तर चेंबर उतरवा, चेंबर उतरला तर बेअरिंग बघा, आणि बेअरिंग बघून "ठीक आहे, तसंच बसवा" म्हणणारा मिस्त्री अजून जन्माला यायचा आहे. हेड उघडायची गरज होती की नव्हती, हे हेड उघडल्यावरच कळतं, आणि तोवर बिल झालेलं असतं.

दाजींचा भाचा चाकणला एका कारखान्यात इंजिनाच्या लाइनवर आहे. तो शर्टाला डाग न पडू देता शेडमध्ये उभा राहिला. त्याला हा सगळाच प्रकार नवा होता. त्यानं इंजिनं जन्माला येताना पाहिली आहेत, म्हातारी होताना नाही. तिकडे फोर्स मोटर्स मर्सिडीजसाठी इंजिनं जोडते, फोक्सवॅगन आहे, महिंद्रा आहे. त्या जगात प्रत्येक बोल्टला दिलेला टॉर्क संगणकात साठतो. आमच्या मिस्त्रींचा टॉर्क त्यांच्या दंडात साठलेला. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सहा आलं, तेव्हापासून नव्या गाडीला आधी लॅपटॉप जोडतात, मग लॅपटॉप सांगतो काय बदलायचं ते. "मामा, रिप्लेस करा," भाचा म्हणाला. "काय रिप्लेस करू?" दाजींनी विचारलं. भाच्यानं शेडकडे, गाडीकडे आणि मिस्त्रींकडे एकदा पाहिलं आणि चहा संपवून तो सेकंड शिफ्टला गेला.

मग दाजी हिशेबाला बसले. दिंडीच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला त्यांनी तीन रकाने केले. हाफ इंजिन: हेड, रिंगा, बेअरिंग. फुल इंजिन: त्यात स्लीव्ह, पिस्टन, क्रँक, ऑइल पंप, सगळं, मिस्त्रींच्या अंदाजानं लाखाला टेकणार. आणि तिसरा रकाना, काहीच न करता गाडी विकून टाकणं. तिसऱ्या रकान्यातला आकडा दुसऱ्यापेक्षा फार मोठा नव्हता, म्हणजे जवळजवळ गाडीच्या किमतीचं इंजिन गाडीत बसवायचं होतं. हे कागदावर इतकं स्वच्छ दिसलं की दाजींनी कागद फाडला. हौसेच्या गाडीचा हिशेब मांडणाऱ्याला तो मोडताही आला पाहिजे, असं माझं मत आहे. दाजी दोन्हीत तयार.

तेवढ्यात दिंडीचे चालक येऊन गेले. वारी महिन्यावर आली होती. त्यांना बोअर, स्ट्रोक, टेपर, कशाशीच कर्तव्य नव्हतं. "गाडी यंदा येणार ना?" त्यांनी विचारलं. "सासवडला मुक्काम आहे. दिव्याचा घाट म्हणा नाहीतर बोपदेव म्हणा, सामानासकट चढ चढायचाय." घाटाचं नाव निघालं आणि सगळ्यांना चौथा सिलिंडर आठवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हेड उघडलं. काका नख वाढवूनच आले होते. तीन सिलिंडरांवर नख सरकलं, किंचित अडखळलं. चौथ्यावर खटकन अडकलं, आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत चरे. इथवर कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मग चेंबर उतरलं. मिस्त्रींनी एका कनेक्टिंग रॉडचं कॅप काढलं, आतली बेअरिंगची शेल काढून पुसली, उलटी केली आणि हसायला लागले. काकांनी चष्मा सावरला. शेलच्या पाठीवर छापलेलं होतं, ०.२५.

क्रँकचे जर्नल झिजले की ग्राइंड करून पाव मिलिमीटरनं बारीक करतात आणि त्या मापाची जाड शेल बसवतात. पाव, अर्धा, पाऊण, एक, अशा त्या पायऱ्या. कंपनीतून आलेल्या इंजिनात पाव अंडरसाइज शेल असायचं कारण नाही. ह्याचा अर्थ एकच. आबांचं सीलपॅक इंजिन कधीकाळी मुळापासून उघडलेलं होतं, क्रँक मशीनवर गेला होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

शेडमध्ये चौकशी आयोग बसला. दाजींचा चेहरा असा झाला होता, जणू सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव निघालंय. शेवटी जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. तो आता खेड तालुक्यात शेती करतो. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला, "आता आबा नाहीत म्हणून सांगतो. तुमच्या लग्नाच्या दिवशी झालं ते. वऱ्हाड घेऊन परत येताना होज फुटला, पाणी गेलं, इंजिन तापलं, बेअरिंग धरलं. वऱ्हाड मी दुसऱ्या टेम्पोत चढवून दिलं आणि सांगितलं, पंक्चर आहे. आबा रात्रीच आले. म्हणाले, घरात बोलायचं नाही. सून आजच आली आणि आजच इंजिन गेलं म्हटल्यावर बायका तिच्या पायगुणाला नावं ठेवतील. गुपचूप इंजिन बांधून घेतलं आणि वर मलाच सांगितलं, सगळ्यांना सांग, इंजिन सीलपॅक आहे."

फोन स्पीकरवर होता. ताई चहाचे कप गोळा करायला आली होती, ती ऐकत उभी राहिली. दाजी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "त्या तीन रकान्यांतलं सगळ्यात महाग कुठलं?"

"फुल इंजिन," मिस्त्री तत्परतेनं म्हणाले.

"मग तेच करा," ताई म्हणाली. "आणि माझ्या पायगुणानं गेलं तर गेलं, येताना माझ्या नावानं येऊ दे. बिल माझ्या खात्यातून."

इतके दिवस जो निर्णय होत नव्हता तो कप धुवायला जाईपर्यंत झाला. स्लीव्ह आल्या, पिस्टन आले, क्रँक ग्राइंड होऊन अर्ध्यावर गेला, पंप आणि नोझल बेंचवर जाऊन आले, म्हणजे पंपवालाही खूश. काकांनी प्रत्येक बोअर तीन जागी मोजला आणि मिस्त्रींना, दाजींमार्फत, दोन ठिकाणी शाबासकी कळवली. भाच्यानं चाकणहून टॉर्क रेंच उसना आणला; मिस्त्रींनी तो कौतुकानं पाहिला, हेडचे बोल्ट आधी हातानं आवळले, मग रेंच लावून पाहिला, आणि रेंच बरोबर आहे असं सर्टिफिकेट दिलं.

नवीन इंजिन रनिंगमध्ये कसं ठेवायचं, ह्यावर शेवटचं युद्ध झालं. मिस्त्री म्हणत, पहिले हजार किलोमीटर हळू आणि रिकामी. काका म्हणत, फार लाडानं चालवली तर रिंगा बसतच नाहीत, सिलिंडर गुळगुळीत होतो आणि गाडी जन्मभर ऑइल खाते; थोडा लोड हवाच. दिंडीच्या चालकांनी राहुट्या आधीच भरून टाकल्या होत्या, त्यामुळे काका जिंकले. गाडी घाट चढली. धूर निघाला का, असं मी दाजींना विचारलं, तर म्हणाले, पावसात दिसला नाही.

पंढरपूरहून परत आल्यावर ऑइल बदलायला आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळायला मिस्त्रींनी गाडी बोलावली होती. ती कामं अर्ध्या तासात उरकली. मग त्यांनी गाडी चालू केली, क्लच दाबला, सोडला, परत दाबला आणि मान तिरकी केली.

"इंजिनाचा आवाज बंद झाला ना मालक," ते म्हणाले, "आता गिअरबॉक्सचा ऐकू यायलाय. उघडून बघू का एकदा?"